मावळे मातीचे, फासा सर्व्हरचा

आज कुठल्या ॲपचा रिव्ह्यू नाही की इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. टेबलावर मावळे मांडून खेळायचा आमचा लढाईचा खेळ मी ऑनलाइन करायला घेतला आणि त्या नादात एक चांगला मित्र जवळपास गमावला, ती गोष्ट आज सांगतो. थोडं टेक्निकल आहे, पण कोडिंग येत नसेल तरी समजेल.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला आम्ही चौघं हॉस्टेलवर. दिवाळीत एकाच्या घरून किल्ल्यावरचे मातीचे मावळे आले. कुणाची तलवार तुटलेली, कुणाचं नाक गेलेलं. ते टेबलावर मांडले, पुस्तकांचे डोंगर केले, आणि रात्री दोनपर्यंत बसून नियम लिहिले. खराट्याची एक काडी तोडली, ती आमची मोजपट्टी. पायदळ एका चालीत एक काडी, घोडेस्वार दोन काड्या. हल्ला करायचा तर दोन फासे टाकायचे, बेरीज ८ किंवा जास्त आली तर समोरचा मावळा आडवा. तो बुरुजामागे असेल तर १० लागणार.

आपण काहीतरी जगावेगळं केलंय असं तेव्हा वाटलं होतं. नंतर कळलं, एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच लिहिलं होतं. त्यात खेळण्यातले सैनिक, दोरीने मोजलेल्या चाली, आणि स्प्रिंगची तोफ. त्याच्याही आधी, १८२४ मध्ये, प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा ‘क्रीगस्पील’ दाखवला होता. तो लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कॉलेज संपलं. एक बेंगळुरूला, एक म्युनिकला, एक गावी, मी पुण्यात. मग लॉकडाउन आला. एका रात्री म्युनिकवाला म्हणाला, “अरे तू इंजिनिअर ना? तो खेळ ऑनलाइन कर की.”

आता असा खेळ ऑनलाइन न्यायचे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे नुसतं टेबल द्यायचं. ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ हेच करतो. सोंगट्या उचला, ठेवा, फासे टाका, राग आला तर अख्खं टेबल उलटं करा. नियम मात्र खेळाडूंनी पाळायचे. दुसरा रस्ता म्हणजे सगळे नियम कोडमध्ये बसवायचे. ‘बॅटलटेक’ हा १९८४ पासूनचा टेबलावरचा खेळ. त्यावर ‘मेगामेक’ नावाचा फुकट, ओपन सोर्स, जावात लिहिलेला प्रोग्राम आहे. नेम लागतो की नाही, किती नुकसान झालं, सगळा हिशेब तोच करतो. आमच्यातल्या दोघांकडे फक्त मोबाइल, त्यामुळे थ्रीडी टेबल बाद. शिवाय मी नवीन नवीन इंजिनिअर, मला नियम कोडमध्ये बसवायची खाज. मी दुसरा रस्ता धरला.

पहिला दणका मोजमापाने दिला. बॅटलटेक षटकोनी घरांवर खेळतात, तिथे अंतर म्हणजे घरं मोजायची. आमच्याकडे घरं नाहीत, काडी आहे. मी अंतरं दशांशात ठेवली आणि फसलो. कंप्युटरला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर बऱ्याच भाषांमध्ये उत्तर ०.३ येत नाही, शेवटी कुठेतरी एक ४ चिकटतो. काडीच्या बरोब्बर टोकावर उभा असलेला मावळा माझ्या गणितात कधी आत, कधी बाहेर. शेवटी सगळी अंतरं मिलिमीटरच्या दहाव्या भागात, पूर्णांकात ठेवली. तेव्हा कुठे भांडण मिटलं.

दुसरा प्रश्न फाशांचा. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात, त्यातल्या १५ मध्ये बेरीज ८ किंवा जास्त येते. म्हणजे साधारण ४२ टक्के. बुरुजामागच्या मावळ्याला ३६ पैकी ६, सहात एक. टेबलावर सलग चार फासे वाया गेले तर आपण फाशाला शिव्या देतो. ऑनलाइन गेले तर सर्व्हर लिहिणाऱ्याला देतो! बेंगळुरूवाला सरळ म्हणाला, “तुझ्याच सर्व्हरवर तूच कसा जिंकतोस?” मग मी असं केलं: दोन्ही खेळाडूंचे फोन एकेक गुप्त आकडा निवडतात आणि आधी फक्त त्याचा हॅश, म्हणजे शिक्का, एकमेकांना पाठवतात. दोन्ही शिक्के पोचले की आकडे उघडायचे आणि दोन्ही मिळून फासा ठरवायचा. शिक्का दिल्यावर आकडा बदलता येत नाही, कारण मग शिक्का जुळणार नाही. सर्व्हरवर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही.

तिसरी माझी शुद्ध चूक. गनिमी काव्यासाठी लपलेले मावळे समोरच्याला दिसू नयेत असा नियम होता. मी काय केलं, सगळ्या मावळ्यांच्या जागा दोन्ही फोनना पाठवल्या आणि लपलेले फक्त स्क्रीनवर काढले नाहीत. गाववाल्याने ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून माझी अख्खी फौज वाचली! धडा असा, की जे खेळाडूला कळायला नको ते त्याच्या फोनपर्यंत जायलाच नको. क्रीगस्पीलमध्ये हेच होतं. दोन्ही बाजू लेखी हुकूम मधल्या पंचाकडे द्यायच्या, आणि पंच ज्याला जेवढं दिसेल तेवढंच सांगायचा. म्हणजे तो पंच १८२४ सालचा सर्व्हरच की!

आता मूळ मुद्दा. खेळ मस्त चालू झाला. म्युनिक आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे एकत्र बसणं जमेना. मी सगळ्या चाली ओळीने साठवायला लागलो, ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा चाल टाकायची. एकेक लढाई तीन-तीन आठवडे चालायची. अशाच एका लढाईत म्युनिकवाल्याचा घोडेस्वार माझ्या सरदारापाशी पोचला. पण २ मिलिमीटर कमी पडला. सर्व्हरने चाल नाकारली.

त्याने मेसेज केला, “अरे जाऊ दे ना, दोन मिलिमीटर!”

मी लिहिलं, “नियम म्हणजे नियम. रडीचा डाव खेळू नकोस.”

तो ग्रुप सोडून गेला. दोन-अडीच महिने आमचं बोलणं नव्हतं. मला वाटत होतं, मी बरोबर आहे, कोड माझ्या बाजूने आहे.

मग घर आवरताना ती खराट्याची काडी सापडली. एक टोक तुटलेलं. आणि आठवलं, ती दुसऱ्याच आठवड्यात तुटली होती. म्हणजे हॉस्टेलवर आमचं एकही माप कधी बरोबर नव्हतं! माझा मावळा बोटभर मागे असताना याच मित्राने शंभर वेळा म्हटलं होतं, “जाऊ दे, पोचला.” लहानपणी ‘टॅम्प्लीज’ म्हटलं की खेळ थांबायचा, ते कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं? मी आमचे सगळे नियम कोडमध्ये उतरवले, पण आम्ही ते मोडायचो कसे, हे उतरवलंच नाही.

क्रीगस्पीलचंही हेच झालं होतं. नियम आणि तक्ते इतके वाढले की खेळ जड झाला. मग १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने मांडलं की तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निर्णय घेऊ द्या.

माझ्याकडे पंच नव्हता, पण समोरचा खेळाडू होता. मी एक बटण टाकलं. सर्व्हरने चाल नाकारली की ती समोरच्याच्या फोनवर जाते, किती कमी पडलं ते दिसतं, आणि खाली दोन पर्याय असतात: “नियम” आणि “जाऊ दे”. त्याने “जाऊ दे” दाबलं तर चाल मान्य, आणि नोंदीत तसं कायमचं लिहिलं जातं. सूट मागणारा स्वतः घेऊ शकत नाही, ती समोरच्यानेच द्यायची.

म्युनिकवाल्याला नुसती लिंक पाठवली, सॉरी वगैरे काही लिहिलं नाही. तीन दिवसांनी तीच अडकलेली लढाई उघडली गेली. त्याने तोच घोडेस्वार परत टाकला. २ मिलिमीटर कमी. मी “जाऊ दे” दाबलं. त्याने फासे टाकले, बेरीज ५. माझा सरदार वाचला. खाली त्याचा मेसेज, “फासा तरी बदल रे तुझा.”

तर मंडळी, तुमच्यापैकी कुणी आपला आवडता खेळ ऑनलाइन करायला घेतला असेल, तर अंतरं पूर्णांकात ठेवा, फासा दोघांच्या डोळ्यांसमोर पडू द्या, लपलेलं सर्व्हरवरच राहू द्या. आणि कोड लिहायला बसण्याआधी एक संध्याकाळ नुसतं खेळताना बघा. लोक कुठे नियम वाचतात ते नका लिहू, कुठे वाचत नाहीत ते लिहून घ्या.

चला, आज इथेच थांबतो. माझी चाल बाकी आहे.