आकाशातली हजेरी

बारामती, धुळे, गोंदिया या भागात राहणाऱ्या बायकांना लहान विमानांची घरघर नवी नाही. तिथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत आणि आता मुलीही त्यात शिकतात. लेक वर आकाशात असली की घरच्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. वर ना रस्ता, ना सिग्नल, ना पोलीस. मग दोन विमानं एकमेकांवर आदळत कशी नाहीत? आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

पहिली राखण डोळ्यांची. बघायचं आणि टाळायचं, हा लहान विमानांचा जुना नियम. पण डोळे कुठे कमी पडतात ते ऐका. समजा, दोन विमानं ताशी १८५ किलोमीटर वेगाने समोरासमोर येत आहेत. म्हणजे दर सेकंदाला त्यांच्यातलं अंतर शंभर मीटरहून जास्त कमी होतं. दोन किलोमीटरवर दिसलेलं विमान वीस सेकंदांच्या आत अंगावर येतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या हिशेबाप्रमाणे, समोरचं विमान नजरेला पडल्यापासून आपलं विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात. उरलं काय?

त्यात आणखी एक गंमत आहे, पण जिवाशी खेळणारी. जे विमान आपल्यावर आदळणार असतं ते काचेत सरकत नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि हळूहळू मोठं होतं. आपली नजर हलत्या वस्तूकडे लगेच जाते, स्थिर ठिपक्याकडे जात नाही. शिवाय ज्या विमानाचे पंख वर असतात त्यातून वरचं दिसत नाही, आणि पंख खाली असले तर खालचं दिसत नाही.

म्हणून दुसरी राखण आली, यंत्राची. शाळेतली हजेरी आठवा, म्हणजे ती लगेच समजेल. विमानात ट्रान्सपाँडर नावाची एक पेटी असते. जमिनीवरचं रडार हाक मारतं आणि ही पेटी ‘हजर’ म्हणते. उत्तरात चार आकडी क्रमांक असतो, आणि सोय असेल तर विमानाची उंचीही असते.

आता इशारा देणाऱ्या यंत्राचे तीन प्रकार बघू. पहिलं यंत्र नुसतं कान देऊन बसतं. हाक दुसऱ्याची, उत्तर तिसऱ्याचं, हे मधे ऐकतं. आवाज मोठा आला तर विमान जवळ, बारीक आला तर लांब, असा अंदाज करतं. हे स्वस्त असतं, पण विमान कुठल्या बाजूला आहे ते बहुधा सांगू शकत नाही. आणि हाक मारणारं कोणी जवळ नसेल तर तेही गप्प.

दुसरं यंत्र स्वतःच हजेरी घेतं. ते हाक मारतं आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतं. रेडिओलहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जाते, त्यामुळे वेळेवरून अंतर निघतं. खास अँटेनामुळे दिशाही कळते. मग वैमानिकाच्या कानात ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा आवाज येतो.

तिसऱ्या प्रकारात हाकेची वाटच बघायची नाही. प्रत्येक विमान जीपीएसवरून आपली जागा काढतं आणि ‘मी इथे, इतक्या उंचीवर, या दिशेने निघाले’ असं सतत रेडिओवरून सांगत राहतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून गजबजलेल्या आकाशात असं सांगणं सक्तीचं आहे. युरोपात ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगणारी विमानं, डोंगरांजवळ एकाच वाऱ्यात गोल गोल फिरतात. त्यांच्यासाठी २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये ‘फ्लार्म’ नावाचं छोटं यंत्र निघालं. सगळीच विमानं जवळ असल्यामुळे ते उगीच ओरडत नाही. दोघांच्या पुढच्या वाटांचा हिशेब करून खरा धोका असेल तेव्हाच इशारा देतं.

उंची सांगणं किती मोलाचं आहे, हे एका दुर्घटनेने जगाला शिकवलं. ३१ ऑगस्ट १९८६, रविवार. लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस या गावावर एक प्रवासी विमान आणि पायपर जातीचं एक लहान विमान आदळलं. लहान विमान चुकून निर्बंध असलेल्या हद्दीत शिरलं होतं. त्याच्या पेटीत उंची सांगण्याची सोय नव्हती, आणि मोठ्या विमानात टक्कर टाळणारं यंत्र नव्हतं. दोन्ही विमानांतले ६७ आणि खाली जमिनीवर असलेले १५, असे ८२ जीव गेले. त्यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांना ते यंत्र सक्तीचं झालं, आणि मोठ्या विमानतळांच्या आसपास येणाऱ्या लहान विमानांना उंची सांगणारी पेटी.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. मोठ्या विमानातलं यंत्र ‘वर जा’, ‘खाली जा’ असा हुकूम देतं. लहान विमानातलं बहुतेक यंत्र फक्त सावध करतं. पुढचं वैमानिकाने बघायचं.

आणि या यंत्राची मर्यादा? बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ असेल तर गाडी येतेय ते अंधारातही कळतं. पण बिनघुंगरांची गाडीही रस्त्यावर असू शकते. ज्या विमानात पेटी नाही, किंवा बंद पडली आहे, ते या यंत्राला दिसतच नाही. पक्षी आणि पतंगही दिसत नाहीत. कधी आपल्याच विमानाच्या पोटाआड किंवा पंखाआड लहर अडते. म्हणून पडदा रिकामा आहे याचा अर्थ आकाश रिकामं आहे असा नाही. पडद्यावर एक नजर टाकायची, आणि बाकी सगळा वेळ डोळे बाहेर ठेवायचे.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातली कोणी मुलगी या वाटेला निघाली असेल तर फी आणि वसतिगृहाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. तुमच्या विमानांत उंची सांगणारी पेटी आहे का? इशारा देणारं यंत्र कोणत्या प्रकारचं आहे? आणि ते बंद पडलं तर काय करायचं, हे मुलींना शिकवता का? हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. उत्तर नीट मिळालं तर आपल्यालाही निर्धास्तपणे मान वर करून तिचं विमान बघता येईल.