तुर्मालेची खिंड आणि लोहाराचा भाता



आज मी तुम्हांला एका दूरच्या खिंडीची गोष्ट सांगणार आहे. फ्रान्स आणि स्पेन या दोन देशांच्या मध्ये पिरेनीज नावाचे डोंगर आहेत. त्या डोंगरांत, फ्रान्सच्या बाजूला, तुर्माले नावाची खिंड आहे. ती समुद्रसपाटीपासून २११५ मीटर उंच आहे. एवढ्या उंचावर गाडीरस्ता गेला आहे, बरं का!

हिवाळ्यात तिथे बर्फ पडते. रस्ता बर्फाखाली जातो आणि वाहने बंद होतात. मग लोक पायांना लांब पट्ट्या बांधतात आणि उतारावरून घसरत जातात. या खेळाला स्कीइंग म्हणतात. उन्हाळ्यात बर्फ वितळते, कुरणे हिरवी होतात. तेव्हा पाठीवर पिशवी टाकून माणसे डोंगर हिंडायला येतात.

याच घाटातून सायकलींची मोठी शर्यत जाते. तिचे नाव तूर द फ्रान्स. १९१० साली ती प्रथम या खिंडीतून गेली. तेव्हा रस्ता दगडधोंड्यांचा होता. चढावर कितीतरी स्वार खाली उतरून सायकल ढकलत चालले.

आता १९१३ सालची हकिकत ऐका. युजेन क्रिस्तोफ नावाचा एक चांगला स्वार होता. शर्यत जिंकण्याची त्याला आशा होती. खिंड ओलांडून तो उतरू लागला, तोच सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. पुढचे चाक धरणारा चिमटाच गेला, मग सायकल चालणार कशी?

दुसऱ्याची मदत घ्यायची नाही, असा शर्यतीचा नियम होता. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर घेतली. दहा किलोमीटरहून जास्त वाट तो पायी उतरला. मागचे स्वार एकामागून एक पुढे निघून गेले. शेवटी सेंत मारी द कांपां हे गाव आले. तिथे लोहाराची भट्टी होती.

क्रिस्तोफ पूर्वी कुलपे बनवण्याचे काम शिकला होता. लोखंडाची त्याला ओळख होती. त्याने स्वतः लोखंड तापवले, ठोकले आणि चिमटा जोडला. शर्यतीचे पंच शेजारी उभे राहून पाहत होते. पण दोन हातांनी काम करायचे, तर भाता कोण हलवणार? एका मुलाने भाता हलवला. एवढ्यासाठी पंचांनी क्रिस्तोफला दंड केला!

तरी त्याने शर्यत सोडली नाही. त्याचे काही तास वाया गेले होते. जिंकणे आता शक्य नव्हते. पण तो शेवटपर्यंत गेला आणि सातवा आला.

नियम मुळात वाईट होता का? तसे नाही. ज्याच्यामागे पैसा आणि माणसे जास्त, तोच जिंकू नये, म्हणून तो केला होता. पण खांद्यावर सायकल घेऊन आलेल्या माणसाला तो जाचक झाला. पुढे हे नियम बदलले. आज स्वारांच्या मागून मोटारी जातात. सायकल मोडली तर लगेच दुसरी मिळते.

क्रिस्तोफ ही शर्यत कधीच जिंकला नाही. पण त्या गावात आज त्याचा पुतळा आहे. जिंकणाऱ्यांची नावे पुष्कळांना आठवत नाहीत. भट्टीपुढे उभा राहिलेला हा माणूस मात्र लोकांच्या लक्षात राहिला आहे.

तुम्ही पंच असता, तर काय केले असते? घरी गेल्यावर याचा विचार करा आणि चार माणसांत बोला.