गाडीची किल्ली
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत, ओतूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला मनाला उभारी देणारे काही बोलावे अशी आपली रीत आहे. शिवणवर्ग, भिशी, हळदीकुंकू यांविषयी बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. तथापि कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी वेगळाच विषय सांगितला : ज्यांना अजून नीट मिसरूडही फुटलेली नाही अशी आपली मुले, त्यांच्या हातातली गाडी आणि त्यांच्या पोटात जाणारी दारू. विषय कडू आहे. पण ज्या घरात वयात येणारा मुलगा आहे आणि दारात गाडी उभी आहे, त्या घराला तो टाळता येणार नाही. अशी घरे आज आपल्या गावात किती आहेत हे मी सांगायला नको.

प्रथम पुण्याची हकीकत सांगते. ती आपण सर्वांनी वर्तमानपत्रात वाचलेली आहे. पण एकदा सलग ऐकावी अशी आहे.

१९ मे २०२४ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पुण्याच्या कल्याणीनगर भागात भरधाव जाणाऱ्या एका पोर्शे मोटारीने एका मोटारसायकलला धडक दिली. मोटारसायकलवर चोवीस वर्षांचे दोघे इंजिनिअर होते, एक मुलगा व एक मुलगी. दोघेही मध्य प्रदेशातली, पोटापाण्यासाठी पुण्यात आलेली. दोघेही प्राणास मुकली. मोटार चालविणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि तो मित्रांसमवेत दारू पिऊन निघाला होता, असे पोलिसांनी सांगितले. मोटारीची कायमची नोंदणीदेखील झालेली नव्हती.

काही तासांतच बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन दिला. जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती. लोक संतापले. दोन जीवांची किंमत तीनशे शब्द काय, असे जो तो विचारू लागला. २२ मे रोजी मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली. पुढे २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडण्याचा आदेश दिला, आणि जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने त्याच्यावरील खटला सज्ञान म्हणून न चालविता अज्ञान म्हणूनच चालवावा असे ठरविले.

निबंधाची गोष्ट घरोघर बोलली गेली. माझे मन मात्र निराळ्याच जागी अडून राहिले. पोलिसांचा आरोप असा की, तपासणीसाठी घेतलेला मुलाच्या रक्ताचा नमुना रुग्णालयात बदलला गेला आणि त्याच्या जागी आईचे रक्त ठेवले गेले. या प्रकरणी डॉक्टरांना अटक झाली, मुलाच्या वडिलांना झाली, आईलाही झाली. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याचा आरोप आजोबांवर आला. यातले काय खरे, काय खोटे हे न्यायालय ठरवील. निवाडा करण्यासाठी मी येथे उभी नाही.

पण भगिनींनो, आई म्हणून क्षणभर विचार करा. मुलासाठी आपल्या अंगातले रक्त काढून द्यायला आपल्यापैकी कोणती बाई मागे राहील? एकही नाही. आपली माया अशीच आहे, आंधळी आणि अफाट. म्हणूनच आपण शांत डोक्याने आधीच ठरवून ठेवले पाहिजे की ही माया कोणत्या वेळी खर्च करायची. दोन घरांतले दिवे विझल्यावर आपले रक्त देऊन कोणाचे काय परत येणार? मुलगा किल्लीसाठी हात पुढे करतो ती संध्याकाळच खरी मायेची वेळ होय.

आता कोणी म्हणेल, “बाई, ती बड्या लोकांची गोष्ट. कोटीच्या मोटारी, मध्यरात्रीचे पब. आपल्या ओतुरात कुठले आले हे?”

आपले गाव कोठे वसले आहे ते पाहा. कल्याण-अहिल्यानगर हमरस्ता आपल्या गावाजवळून जातो. एका अंगाला माळशेज घाट, दुसऱ्या अंगाला आळेफाटा. कांद्याच्या ट्रका, पिकअप, एस.टी., ट्रॅक्टर आणि पावसाळ्यात घाटात धबधबे बघायला निघालेल्या मोटारींची रीघ, सगळे याच रस्त्यावर. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेला तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत आपली चौदा-पंधरा वर्षांची पोरे तिघे-तिघे एका मोटारसायकलवर बसून जाताना आपण रोज पाहतो.

आणि त्यांना किल्ली देतो कोण? रात्री चोरून नेणारा एखादाच. बहुतेकांना ती घरातूनच मिळते, आणि तीही कामासाठी. पहाटे डेअरीवर दुधाची किटली पोचवायची असते. मळ्यात डबा न्यायचा असतो. रात्रीची वीज आली की विहिरीवरची मोटर चालू करायला जायचे असते. घरचा बाप्या कामात असतो, म्हणून आपण म्हणतो, “जा रे बाळा, पटकन जाऊन ये.” सातवी-आठवीतले पोर जाते, येते, आणि आपण कौतुकाने शेजारणीला सांगतो की आमचा बंड्या आता गाडी चालवतो. गाडी आपल्याला चालवता येते आणि ती चालवण्याचा आपल्याला हक्क आहे, ही दोन्ही गोष्टींची शिकवण त्याला घरातच मिळते. मग तोच मुलगा सोळाव्या वर्षी मित्राच्या हळदीला किंवा एकतीस डिसेंबरच्या रात्री गाडी मागतो, तेव्हा “तू अजून लहान आहेस” हे कोणत्या तोंडाने सांगायचे? सकाळी जो मोठा होता तो संध्याकाळी लहान कसा झाला?

दारूचेही तसेच. हे बाबाजी चैतन्यांच्या समाधीचे गाव. आमचे घर माळकरी, आमच्या घरात तो वास नाही, असे पुष्कळजणी अभिमानाने सांगतात, आणि ते खरेही असते. पण मुलगा पहिला घोट घरात घेत नाही. तो घेतो वरातीच्या मागे, ढाब्याच्या आडोशाला, मित्राच्या वाढदिवसाला. त्याला घरात दारू नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि घरात त्याविषयी बोलणेही होत नाही.

कायदा काय सांगतो तेही आपल्याला ठाऊक असावे. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी २१ वर्षे आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. गाडी चालविण्यास १८ वर्षे पूर्ण हवीत; पिकअपसारख्या मालवाहू गाडीसाठी २०. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो बिनगिअरच्या, पन्नास सी.सी.पर्यंतच्या गाडीपुरता. आपल्या दारातली स्कूटी बहुधा शंभर सी.सी.च्या वरची असते. तेव्हा ती सवलत तिला लागू नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली एक कलम नव्याने घातले गेले, १९९-अ. ते प्रत्येक आईने ध्यानात ठेवावे. अज्ञान मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याचे पालक व गाडीचा मालक दोषी धरले जातात. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण त्याला अडविण्याचा योग्य तो प्रयत्न केला होता, हे पालकांनी स्वतः सिद्ध केले तरच सुटका. पुष्कळ घरांत गाडी बाईच्या नावावर घेतलेली असते. सही आपली, नाव आपले. मग जबाबदारीही आपलीच, हे विसरू नका.

विम्याचे म्हणाल तर परवाना नसलेल्याच्या हातून अपघात घडला असता विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. ती रक्कम लाखांत जाते. जमिनीचा तुकडा विकूनच ती फिटते.

आता दारू शरीरात काय करते ते थोडक्यात सांगते. कायद्याने शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम ही मद्याची मर्यादा घातली आहे. शेलाट्या अंगाच्या मुलाने कडक बिअरची एक मोठी बाटली रिचविली तरी तो ती ओलांडून पुष्कळ पुढे जातो. यकृत आपल्या संथ गतीनेच ते मद्य पचविते. बाटलीभर बिअर उतरायला कित्येक तास लागतात. लिंबू चोखून, काळा चहा पिऊन किंवा तोंडावर पाणी मारून ते लवकर उतरत नाही. फार तर वास लपतो आणि झोप उडते.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. दारूने ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ब्रेक लागण्याआधीच गाडी आठ मीटर अधिक गेलेली असते. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारे एखादे पोर वाचायला किंवा चिरडायला एवढे अंतर पुरते. त्यातून वय असे की मोह आवरण्याची शक्ती अजून पुरती पिकलेली नसते, रस्त्याचा सराव नसतो आणि मागे बसलेले मित्र ओरडत असतात, “पळव!” म्हणूनच मोठ्या माणसाला जेवढी दारू धोक्याची, त्याहून कितीतरी कमी दारू नवशिक्या तरुणाला धोक्याची ठरते.

बायांनी मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण सांगते. १९८० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात तेरा वर्षांची एक मुलगी रस्त्याच्या कडेने पायी जात असता दारू प्यालेल्या मोटारवाल्याने तिला ठार केले. तिची आई कॅन्डेस लाइटनर. दुःख गिळून घरात न बसता तिने त्याच वर्षी अशा आयांची संघटना उभी केली. १९८४ साली तेथे दारू घेण्याचे किमान वय २१ करण्यास राज्यांना भाग पाडणारा कायदा झाला, आणि १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी तो अमलात आणला. त्यामागे या आयांची मोठी खटपट होती.

आपल्या महाराष्ट्रातही बाईच्या हाती एक अधिकार आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातील एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी गुप्त मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर गावातील दारूचे दुकान बंद होते. कित्येक गावांतील बायांनी ते करून दाखविले आहे. पण दुकान बंद करायला निम्मे गाव लागते. किल्लीसाठी एकटी बाई पुरे.

म्हणून मी मंडळापुढे चार गोष्टी ठेवते. पहिली, अठरा वर्षे पुरी होऊन परवाना हाती येईपर्यंत मुलाला वा मुलीला कामासाठीही गाडी द्यायची नाही. यात अडचण आहे, मला ठाऊक आहे. दूध डेअरीवर गेलेच पाहिजे. पण एका आळीतल्या चार घरांनी मिळून दूध पाठविण्याची पाळी लावली तर एका परवानावाल्याच्या फेरीत चौघींचे काम होईल. दुसरी, गाड्यांच्या किल्ल्या खुंटीला उघड्यावर टांगायच्या नाहीत. तिसरी, मुलाला सांगून ठेवायचे : “तू प्यायलास, किंवा तुझा गाडीवाला मित्र प्याला, तर रात्री कितीही वाजता फोन कर. आम्ही घ्यायला येऊ. त्या रात्री एक शब्द बोलणार नाही.” आणि हे वचन पाळायचे, रागवायचे ते दुसऱ्या दिवशी.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. देव न करो, पण आपल्या मुलाच्या हातून अपघात घडलाच, तर प्रथम जखमीला दवाखान्यात पोचवायचे, पोलिसांना खरे सांगायचे, आणि गाडी कोण चालवीत होते याविषयी खोटे बोलायचे नाही. मुलाजवळ बसायचे, त्याच्यासाठी वकील द्यायचा, त्याच्याबरोबर रडायचे. पण त्याच्या अपराधावर पांघरूण घालायचे नाही. जे मूल एकदा खोट्याच्या आधाराने सुटते, ते पुढे कोठे जाऊन थांबेल हे कोणती आई सांगू शकेल?

अध्यक्षाबाईंना माझी विनंती आहे की, या चार गोष्टींचा ठराव आजच सभेपुढे मांडावा आणि दुधाच्या पाळीची यादी पुढच्या बैठकीत करावी. ज्यांच्या आळीत परवानावाली बाई किंवा बाप्या आहे त्यांनी सभा संपल्यावर चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.