धुराडे आणि गृहस्थाचे कर्तव्य

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात वाचलेले भाषण)



आपल्या संमेलनात शिक्षणनिधी, वसतिगृह, लग्नातील खर्च या विषयांवर विद्वान वक्ते दरवर्षी बोलतातच. कार्यकारी मंडळाने आम्हांस विषयाची मोकळीक दिली, म्हणून आम्ही असा विषय निवडला आहे की जो ऐकून काही तरुण गालातल्या गालात हसतील. तो विषय म्हणजे चूल आणि तिचे धुराडे. परंतु श्रीसंत गोरोबाकाकांचे नाव सांगणाऱ्या कुंभार ज्ञातीस या विषयाचे हसू येण्याचे कारण नाही. 'घरोघरी मातीच्या चुली' असे लोक म्हणतात, तेव्हा त्यांतील कितीतरी चुली आपल्याच वाडवडिलांच्या हातच्या होत्या, हे आपण तरी विसरू नये.

कोणी म्हणेल, गुरुजी, आता चुली राहिल्या कोठे? १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी खेड्यापाड्यांत पोहोचली, ही गोष्ट खरी व आनंदाची आहे. ज्यांस परवडेल त्यांनी गॅसच वापरावा, असेच आम्ही सांगू. परंतु शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या भागांतील वाड्यावस्त्यांवर जाऊन पाहावे. चहा गॅसवर होतो. भाकरी, जनावरांची आंबोण आणि अंघोळीचे पाणी मात्र चुलीवरच. टाकी संपली आणि हाती पैसा नसला की पुन्हा सारेच चुलीवर. खुद्द कोल्हापूर शहरातील जुन्या पेठांतही परसात तांब्याचा बंब पेटलेला दिसतो. गॅस आला तरी धूर घरातून गेलेला नाही, आणि जोवर तो आहे तोवर त्याची व्यवस्था लावणे प्राप्त आहे.

हा धूर केवळ डोळे चुरचुरवणारा आहे, असे समजणे चुकीचे होय. घरातील अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालील २ लक्ष ३७ हजारांहून अधिक मुले होती, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. लहान मुलांस न्यूमोनिया, मोठ्यांस दमा व हृदयविकार, वृद्ध स्त्रियांस मोतीबिंदू, असा या धुराचा प्रताप आहे. काजळीचे विष तर फार पूर्वीच उघडकीस आले. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवून दिले की धुराडी झाडणाऱ्या लोकांस होणारा एक कर्करोग त्या काजळीपासून उद्भवतो. त्या काळी इंग्लंडात गरिबांची लहान मुले धुराड्यांत चढवून ती झाडून घेत. १८७५ च्या कायद्यानंतर ती क्रूर प्रथा बंद पडली. आपल्याकडे मुलांस धुराड्यात कोणी चढवीत नाही. पण धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात माता-भगिनींस पहाटेपासून बसवितो, आणि तेथेच कडेवरचे मूलही असते. शिक्षकाच्या पेशात असताना लाल डोळ्यांच्या, खोकणाऱ्या मुली सकाळच्या वर्गात आम्ही पुष्कळ पाहिल्या. त्या घरचा स्वयंपाक उरकून शाळेत येत असत.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न आपल्या देशात जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' तयार झाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरासंबंधी पुस्तिका काढून धुराड्याच्या चुलीचा पुरस्कार केला. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ साली तो थांबेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या. आपल्या महाराष्ट्रात दोन भांड्यांची, धुराड्याची 'लक्ष्मी' चूल त्याच काळात घरोघर गेली. एवढ्या चुली बसल्या, मग धूर का गेला नाही? पुष्कळ ठिकाणी चूल बसविणारा पुन्हा फिरकला नाही आणि घरच्यांनी नळ कधी झाडला नाही, हे त्याचे एक मोठे कारण होय. नळ काजळीने तुंबला, धूर चुलीच्या तोंडातून परत घरात येऊ लागला, आणि बाईने कंटाळून नळ काढून टाकला. न झाडलेले धुराडे असणे आणि धुराडेच नसणे यांत फारसा फरक नाही, आणि आजच्या भाषणाचे सारही इतकेच आहे.

धुराडे धूर ओढते कसे, हे आधी समजून घेऊ. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येते. नळ जितका सरळ, उंच व आतून मोकळा, तितकी ही ओढ चांगली. आपल्या भागातील गुऱ्हाळे सर्वांनी पाहिली आहेत. चुलवाणात वाळलेले चिपाड पडते तेव्हा जाळ सणसणीत लागतो आणि धूर धुराड्यावाटे वर निघून जातो. तेच चिपाड ओले असले की सगळे गुऱ्हाळ धुराने कोंदते. घरच्या चुलीचा न्याय याहून वेगळा नाही. ओल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते. जाळाची उष्णता ते पाणी आटविण्यात खर्च होते, लाकूड धुमसते, आणि थंड नळात त्या धुराचा डांबरासारखा चिकट थर बसतो. हा थर नुसता नळ तुंबवीत नाही. एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की तो स्वतःच पेट घेतो.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

पहिले, जळण. ते उन्हाळ्यात फोडून, मनगटाहून जाड न ठेवता, पावसाआधी छपराखाली रचावे. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्यात. मडके वाजवून घेण्याचे शिक्षण आपल्याला पाळण्यापासून मिळालेले आहे. वाळलेले लाकूडही तसेच खणखणते, ओले बद्द वाजते. प्लॅस्टिक, रबर, रंगविलेली लाकडे चुलीत कदापि घालू नयेत.

दुसरे, नळ. तो होईल तितका सरळ न्यावा, छपरावर दोन फूट तरी वर काढावा, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून त्यावर टोपी बसवावी. कौलारू घरात वासे व रिपा यांस नळ टेकता कामा नये. शक्य तर हातभर अंतर राखावे आणि मध्ये पत्रा घालावा. माळ्यावरचे जळण व शेणी नळापासून दूर रचाव्यात. पूर्वी बसविलेले पुष्कळ नळ ॲस्बेस्टॉस सिमेंटचे आहेत. त्याची धूळ फुप्फुसास घातक असते, म्हणून असा नळ कापू नये, घासू नये. जपून उतरवून त्या जागी पत्र्याचा किंवा भाजलेल्या मातीचा नळ घालावा.

तिसरे, सफाई. चूल रोज पेटत असेल तर दर पंधरवड्यास नळ पाहावा आणि महिन्यातून एकदा तरी झाडावा. पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळा सरल्यावर तो चुकवूच नये. चूल पूर्ण थंड असावी, नाका-तोंडास फडके बांधलेले असावे. लांब बांबूच्या टोकास काथ्याचा घट्ट बोळा बांधून तो वरून खाली फिरवावा. चुलीच्या बुडाशी काजळी काढण्याचे भोक ठेवावे व एरवी ते मातीने लिंपून घ्यावे. निघालेली काजळी ओलसर करून पुरावी. अंगणात उधळू नये. चुलीच्या तोंडातून धूर उलटा येऊ लागला किंवा सांध्यांतून काळे पाणी गळू लागले, तर पंधरवड्याची वाट पाहू नये.

चौथे, नळाने पेट घेतल्यास. आत घोंगावल्यासारखा आवाज येतो. अशा वेळी चुलीचे तोंड राखेने किंवा वाळूने बंद करावे, माणसे बाहेर काढावीत आणि १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे. तापल्या नळात पाणी ओतू नये. नळ तडकून आग छपरास लागते.

पाचवे, बंब व कोळशाची शेगडी. दारे-खिडक्या लावून न्हाणीघरात पेटता बंब ठेवणे, किंवा थंडीत शेगडी उशाशी घेऊन निजणे, हे मृत्यूस बोलावणे आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. बंब उघड्यावरच पेटवावा आणि पाणी बादलीने आत न्यावे.

हे सर्व करावयाचे कोणी? धूर सोसणारी स्त्री आहे. म्हणून नळही तिनेच झाडावा, असे म्हणणाऱ्या गृहस्थास आम्ही गृहस्थ म्हणणार नाही. छपरावर चढून महिन्यातून अर्धा तास बांबू फिरविणे हे घरातील कर्त्या पुरुषाचे काम आहे. शेतीची अवजारे तो निगुतीने राखतो. मग ज्या चुलीवर त्याची भाकरी भाजते तिच्या नळाकडे का पाहू नये?

आणि आपल्या ज्ञातीचे कर्तव्य यापुढचे आहे. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, सुधारित चुलींचे काम महाराष्ट्रात चालविले आणि ग्रामीण कारागिरांस ते शिकविले. शाहूपुरी, गंगावेस, बापट कँप येथील आपली मंडळी गणेशमूर्तींत निष्णात आहेत. पण तो हंगाम संपला की पुष्कळ हात रिकामे राहतात. भाजलेल्या मातीचे नळ, त्यांच्या टोप्या, निर्धूर चुली हे काम त्या हातांस परके नाही. मात्र चूल विकून मोकळे होण्याचा धंदा आपण करू नये. जो चूल बसवील त्याने नळ कसा झाडावा हे घरातील पुरुषास समक्ष दाखवावे आणि पहिल्या वर्षी दोनदा जाऊन पाहून यावे. कुंभाराच्या शब्दावर गिऱ्हाईक मडके घेते. चूलही त्याने त्याच विश्वासाने घ्यावी.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली या करवीर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्या शाळांची दारे आपल्या मुलींस उघडली. त्यांच्या डोळ्यांत धूर जाऊ न देणे हे आता आपल्या हातचे काम आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी येथे बसलेल्या प्रत्येक कर्त्या पुरुषाने आपल्या घरचा नळ एकदा झाडावा, एवढीच विनंती आहे.