वारशाने आलेला पाइप



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही विडी कामगारांच्या मजुरीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. गेली तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. 'हजार विड्यांना किती?' या एका प्रश्नात आमचे अर्धे आयुष्य गेले. परंतु आज चालकांच्या परवानगीने आम्ही निराळा विषय घेतला आहे. घरात वारशाने आलेला तंबाखूचा जुना पाइप ओळखावा कसा आणि दुरुस्त करावा कसा, हा तो विषय होय. मजूर संघटनेच्या माणसाने साहेबी शौकावर बोलावे हे कित्येकांना चमत्कारिक वाटेल, म्हणून आधीच खुलासा करतो. आम्ही जन्मात पाइप ओढलेला नाही आणि आपणही ओढू नये. तंबाखूची पूड विडी वळणाऱ्या बाईच्या घरात, पोरांच्या अंथरुणावर कशी बसते हे ज्याने पाहिले, त्याला धुराचे कौतुक उरत नाही. आम्ही पाइपाकडे वळलो ते शौकाने नव्हे. एका पाइपाने आमच्या घरात पन्नास वर्षे मुक्काम केला होता, आणि तो काय सांगतो हे आम्ही फार उशिरा वाचले.

आमचे आजोबा मुंबईत एका कापडगिरणीच्या साळखात्यात होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक पाइप असे. आजोबा स्वतः विडी ओढीत. पाइप त्यांच्या तोंडात कोणी पाहिला नाही. मग तो आला कोठून? चाळीत त्याची एक गोष्ट सांगत. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते, आणि त्यात साळखात्यातली माणसे सर्वांच्या पुढे होती. त्या संपात आजोबांनी आतून साहेबाला मदत केली, आणि खात्यावरच्या विलायती साहेबाने खूष होऊन त्यांना आपला पाइप बक्षीस दिला, अशी ती गोष्ट. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ती प्रथम ऐकली १९६०च्या सुमारास, चाळीच्या नळावरच्या भांडणात. आजोबा तेथेच उभे होते. त्यांनी उत्तर दिले नाही, आणि अण्णांनी त्यांना विचारले नाही. १९६७ साली आजोबा वारले.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा दुसरा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. वर्ष उलटल्यावर माणसे एकेक करून कामावर हजर होऊ लागली. अण्णांनाही निरोप आला. ते गेले नाहीत. "आमच्या घरात एकदा झालं तेवढं पुरे," एवढेच ते आईला म्हणाले. आईच्या अंगावरचे होते नव्हते ते गेले, खोली गेली, आणि आम्ही मामांच्या आश्रयाला सिन्नरला आलो. आई विड्या वळू लागली. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण ते वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन. तुम्ही संघटनेत कशामुळे आलात, असे कोणी विचारले तर आम्ही थोर ग्रंथांची नावे सांगत असू. खरे कारण तो ट्रंकेतला पाइप होता.

अण्णा २००९ साली गेले. २०१८ साली घराला रंग देताना ट्रंक उघडली आणि पाइप आमच्या हाती आला. काजळीने काळा पडलेला, नळी शेवाळासारखी हिरवट झालेली. मनात आले, फेकून द्यावा. मग वाटले, एवढी वर्षे सांभाळला, निदान स्वच्छ तरी करावा. आम्ही घासकागद घेतला आणि दांड्यावरून दहा-बारा हात मारले. तेवढ्यात शेजारचे एक वृद्ध घड्याळजी आले. ते म्हणाले, "अहो, घासता काय? आधी वाचा!"

मंडळी, या विषयातला पहिला धडा हाच आहे. पाइपाचे भाग तीन : तंबाखू भरायची वाटी, तिला जोडलेला दांडा, आणि तोंडात धरायची नळी. पाइपाचा सगळा दाखला दांड्यावर बारीक अक्षरांत ठोकलेला असतो. तो कागदाएवढाच खोल असतो. घासकागदाने किंवा पॉलिशच्या चाकाने तो मिनिटभरात जातो, आणि गेला की पाइप मुका झाला. तेव्हा प्रथम दांडा ओलसर फडक्याने हलकेच पुसावा, दिवा बाजूने तिरपा धरावा, आणि भिंगातून पाहावे. अक्षरे पुसट असतील तर खडूची पूड बोटाने फिरवून वरची पुसून टाकावी. खाचांत पांढरी राहते आणि अक्षर उठते.

वाचण्यापूर्वी लाकूड ओळखावे. बहुतेक चांगले पाइप ब्रायरचे असतात. कॉर्सिका, कालाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राकाठच्या मुलखांत एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप होते. त्याच्या मुळाच्या माथ्यावर, जमिनीत, लाकडाची एक गाठ धरते. ती खणून काढायची, कापायची, रस निघून जावा म्हणून तासन्‌तास उकळायची आणि महिनोन्‌महिने सावकाश वाळवायची. मग ते लाकूड आगीला दाद देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्सच्या ज्यूरा पर्वतातले सँ-क्लोद हे गाव या धंद्याचे माहेर झाले. आमच्यासारख्याला त्या गावाचे अगत्य आणखी एका कारणाने आहे. तेथील कामगारांनी १८८१ साली 'ला फ्रातेर्नेल' नावाची सहकारी संस्था काढली. सुरुवात किराण्याच्या दुकानापासून. पुढे नफा वाटून न घेता सर्वांच्या कामी लावायचा असे ठरले, आणि १९१० साली त्या पैशातून लोकांचे घर उभे राहिले. त्यात नाटकगृह होते, वाचनालय होते. पाइप कातणाऱ्यांचे वाचनालय! पाइपावर मात्र त्यांची नावे नसतात. गाठ खणणारा, कातणारा, पॉलिश करणारी बाई, इतके हात लागतात, आणि शिक्का उठतो तो मालकाच्या पेढीचा. विडीच्या बंडलावरचा कागद ज्याने पाहिला आहे त्याला यात नवल वाटू नये.

आता शिक्क्याकडे वळू. पेढीचे नाव एका बाजूला आणि देशाचे नाव दुसऱ्या बाजूला, अशी साधारण रीत. पेढीच्या नावाने पुष्कळ कळते. लंडनच्या डनहिल पेढीने १९१५पासून नळीवर एक पांढरा ठिपका बसवला. शिवाय त्यांच्या बहुतेक जुन्या पाइपांवर 'इंग्लंड' या शब्दापुढे बारीक आकडा असतो, त्यावरून वर्ष काढता येते. दांड्यावर चांदीचे कडे असेल तर काम आणखी सोपे. इंग्लंडातली चांदी सरकारमान्य कचेरीत तपासून ठसे मारीत : चालता सिंह म्हणजे चोख चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे मुख म्हणजे लंडन, आणि एक अक्षर म्हणजे वर्ष. डब्लिनमध्ये मुकुट घातलेली वीणा आणि बसलेली स्त्री.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आमच्या पाइपाच्या कड्यावर 'के अँड पी' ही अक्षरे होती आणि खाली तीन चित्रे : तीन पानांची शॅमरॉक, एक शिकारी कुत्रा आणि एक गोल मनोरा. घरात सर्वांची समजूत होती की ही चांदीच होय. साहेबाचा पाइप, तेव्हा चांदी असणारच. ती चांदी नव्हे. के अँड पी म्हणजे डब्लिनची काप आणि पीटरसन ही पेढी. ही पेढी आपल्या निकेलच्या कड्यावर शोभेसाठी ही तीन आयरिश चित्रे उठवी. सराफाने कानशीचा एक हात मारून तेच सांगितले. याच पेढीने १८९०च्या सुमारास दांड्याच्या तळाशी ओल साठण्याची खोबण करण्याचे पेटंट घेतले; आणि तिच्या नळीचे भोक टोकाला नसून वरच्या अंगाला असते, म्हणजे धूर जिभेला न लागता टाळूकडे जातो. ही दोन्ही लक्षणे आमच्या पाइपात होती.

राहिला देशाचा शिक्का. आयर्लंडच्या बाबतीत तो इतिहासाच्या पुस्तकासारखा वाचता येतो. १९२२ ते १९३७ त्या राज्याचे नाव होते आयरिश फ्री स्टेट. १९३७च्या घटनेनंतर 'एर' हे नाव आले. एप्रिल १९४९मध्ये ते रिपब्लिक ऑफ आयर्लंड झाले. नुसते 'मेड इन आयर्लंड' असेल तर वर्ष सांगण्याच्या भानगडीत पडू नये. पण राज्याचे नाव असेल, तर ते नाव जन्माला येण्याच्या आधी पाइप जन्मला असणे शक्य नाही.

घड्याळजींनी खडू लावला, भिंग धरले. पेढीच्या नावातली निम्मी अक्षरे आमच्याच घासकागदाने गेली होती. दुसरी बाजू शाबूत होती. तिच्यावर तीन ओळी होत्या : मेड इन द, रिपब्लिक, ऑफ आयर्लंड.

आम्ही तो पाइप खाली ठेवला. १९२८च्या संपाचे बक्षीस म्हणून जो पाइप चाळीने दाखवला, तो त्या संपानंतर निदान एकवीस वर्षे अस्तित्वातच नव्हता.

पुढची दुरुस्ती आम्ही निराळ्या हाताने केली. ती आपल्या उपयोगी पडावी म्हणून थोडक्यात सांगतो. नळी काढताना घाई करू नये. सांध्याजवळ धरून सावकाश फिरवावी, आणि आत आटे आहेत काय हे आधी पाहावे. आतली काजळी सुती तारेने, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवून, तार स्वच्छ बाहेर येईपर्यंत काढावी. ते बाहेरच्या पॉलिशला लागू देऊ नये. वाटीतला राखेचा थर जाड व उंचसखल झाला असेल तर तापल्यावर वाटी तडकते. तो थोडा थोडा खरवडावा, टोकदार चाकूने मात्र नव्हे. कुबट वास जावा म्हणून वाटीत कापूस किंवा मीठ भरून त्यावर तेच अल्कोहोल थेंबथेंब सोडावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी ते तपकिरी झालेले दिसते. पाइप पाण्यात बुडवू नये. आणि पाइप पांढऱ्या, हलक्या मेरशॉम दगडाचा असेल, जो तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ निघतो, तर अल्कोहोल मुळीच वापरू नये. त्यावर चढलेला मधासारखा रंग हा मळ नव्हे, तेच त्याचे वय होय.

काळी नळी रबर आणि गंधक यांची असते. उजेडाने व हवेने तिचा गंधक वर येतो आणि ती हिरवट होते. अगदी बारीक घासकागद पाण्यात भिजवून ती घासावी, वर मेण चोळावे. काळेपण परत येते. तिच्यावर दातांचे खळगे असतील तर सौम्य आच दाखवली की ते वर येतात, कारण या रबराला आपला पहिला आकार आठवतो. पण जपावे, आच जास्त झाली तर वाकवलेली नळी सरळ होऊ लागते.

आमच्या नळीवर असे दातांचे दोन खोल खळगे होते. ते आम्ही तसेच ठेवले. ते आजोबांचे नव्हेत. त्यांचे पुढचे दात आमच्या अण्णांच्या लहानपणीच गेले होते. कोणीतरी वर्षानुवर्षे तो पाइप दातांत धरला होता. कोणी, आणि तो आजोबांकडे कसा आला, बाजारात घेतला की कोणी आठवण म्हणून दिला, हे पाइप सांगत नाही.

आणखीही एक गोष्ट तो सांगत नाही, आणि ती आपल्यापासून लपवणे आम्हांला शोभणार नाही. आजोबा १९२८च्या संपात कोणत्या बाजूला होते, हे या शिक्क्याने ठरत नाही. खोटी ठरली ती बक्षिसाची गोष्ट. आरोपाचा पुरावा गेला. माणूस निर्दोष होता याचा पुरावा मिळाला असे नव्हे. कोर्टकचेऱ्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला हा फरक कळतो, आणि तो आपल्या घराच्या बाबतीतही पाळला पाहिजे.

संध्याकाळी आम्ही आईला हे सांगितले. तिच्या मांडीवर सूप होते, सवयीने हात चालूच होते. ते थांबले. ती म्हणाली, "मग तुझे अण्णा कशापायी गेले नाहीत रे परत?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "त्यांना नव्हतं जायचं, म्हणून गेले नाहीत. पाइप असता-नसता, तरी गेले नसते." आणि तिने पुन्हा पान उचलले. ते खरे असेल. निदान तिचा माणूस तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होता.

बंधुभगिनींनो, आपल्याही घरी ट्रंका असतील. पाइप नसेल, तर घड्याळ असेल, अडकित्ता असेल, एखादे पदक असेल. त्यांच्यावर काय लिहिले आहे ते घासण्यापूर्वी वाचा. आणि ज्यांच्याकडून ती वस्तू आली ते माणूस अजून ओसरीवर बसले असेल, तर आज घरी गेल्यावर त्याला विचारा. भिंग, खडू, ठसे हे सगळे, तो प्रश्न वेळेवर विचारला नाही म्हणून करावे लागते. अण्णांनी नळावरून घरी आल्यावर एक वाक्य विचारले असते, तर आम्हांला आयर्लंडचा इतिहास वाचावा लागला नसता.

तो पाइप आता आमच्या टेबलावर असतो. घासकागदाने गेलेली अक्षरे आम्ही पुन्हा कोरून घेतली नाहीत.