मूळ संख्या आणि मासळीचे वाटे



कफ परेडच्या मच्छीमार नगरांतील एखाद्या कोळिणीस कोणी मूळ अवयव पाडावयास सांगितले, तर ती हंसून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. परंतु तिच्या टोपलींत ६० बांगडे असले, तर त्यांचे सारखे वाटे लावण्यास तिला पाटी-पेन्सिल लागत नाहीं. पांच पांचांचे १२, सहा सहांचे १०, दहा दहांचे ६. नाना प्रकारें वाटे पडतात. त्यांत एकच बांगडा अधिक आला, कीं सारी सोय मोडते. ६१ बांगड्यांचे एकेकाचे ६१ वाटे करावे, नाहीं तर सगळ्यांचा मिळून एकच करावा. तिसरा मार्ग नाहीं. ६० ही संयुक्त संख्या व ६१ ही मूळ संख्या, हा भेद तिच्या शेजारीं बसलेल्या मुलीनें शाळेंत ऐकण्यापूर्वींच पाहिलेला असतो. तिला ठाऊक नसतें तें केवळ नांव.

शाळेंत मात्र बहुधा उलट क्रम लागतो. आधीं व्याख्या, मग फळ्यावर एक उभी रेघ, रेघेच्या डावीकडे भाजक, उजवीकडे भागाकार. मुलें ही शिडी पाठ करतात व परीक्षेंत उतरवून देतात. पुढें कधीं ९१ ही मूळ संख्या आहे काय, असें विचारलें, तर पुष्कळ मुलें बेधडक होय म्हणतात. कारण २, ३ व ५ यांनीं भाग जात नाहीं, एवढ्यावर त्यांचा शोध थांबतो. तेरा सत्ते एक्याण्णव हें त्यांस तोंडपाठ असतें; परंतु पाढा व अवयव हीं एकाच घराचीं दोन दारें आहेत, हें त्यांस कोणी दाखविलेलें नसतें.

याहून मोठी हानि दुसरीच आहे. एक मुलगा ६० चे प्रथम ६ × १० असे भाग करतो. दुसरी मुलगी ४ × १५ असे करते. शिक्षकास २ पासून आरंभ हवा असतो, म्हणून दोघांच्याही वहीवर तांबडी रेघ ओढली जाते. गणित आपल्याकरितां नाहीं, अशी खूणगांठ कित्येक मुलें बांधतात, ती अशाच एखाद्या रेघेपाशीं. वस्तुतः तीं दोघें चुकलेलीं नसतात. ६ म्हणजे २ × ३, १० म्हणजे २ × ५. ४ म्हणजे २ × २, १५ म्हणजे ३ × ५. कोणत्याही वाटेनें गेलें, तरी शेवटीं २, २, ३, ५ हेच हातीं लागतात. हा योगायोग नव्हे. प्रत्येक संयुक्त संख्येविषयीं हें खरें आहे. जर्मन गणिती गाउस यानें १८०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हा सिद्धांत सप्रमाण मांडला आहे. १ हा अंक मूळ संख्यांत कां धरीत नाहींत, याचेंही उत्तर येथेंच मिळतें. तो धरला, तर ६० च्या अवयवांत एक १ घाला कीं दहा घाला, गुणाकार तोच राहील आणि उत्तराचें एकपण नाहींसें होईल.

तेव्हां क्रम असा असावा. पांचवी-सहावीच्या मुलांस प्रथम चिंचोके द्यावे व १२ चिंचोक्यांच्या सारख्या ओळी किती तऱ्हांनीं लागतात, १३ च्या कां लागत नाहींत, हें त्यांनाच शोधूं द्यावें. मग १ ते १०० अंक लिहून १ वगळावा आणि २, ३, ५ व ७ हे स्वतः ठेवून त्यांच्या पुढच्या पटींवर काट मारावी. २५ मूळ संख्या उरतात. ७ पाशींच कां थांबावें? कारण ११ चा वर्ग १२१, तो शंभरापलीकडे गेला. त्यानंतर भिन्न वाटांनीं पाडलेले अवयव फळ्यावर शेजारीं शेजारीं मांडावे. शिडी यावी ती सर्वांच्या शेवटीं, कामाची सोय म्हणून.

मसाविही मग निराळा शिकवावा लागत नाहीं. ८४ बोंबील व ६० बांगडे यांचे जास्तींत जास्त किती एकसारखे वाटे होतील? ८४ म्हणजे २ × २ × ३ × ७, ६० म्हणजे २ × २ × ३ × ५. सामाईक अवयव २ × २ × ३, म्हणून वाटे १२. प्रत्येकांत ७ बोंबील व ५ बांगडे.

हा शाळकरी विषय आहे म्हणून तो क्षुल्लक नव्हे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें, पण गुणाकारावरून त्या संख्या हुडकणें अत्यंत कठीण. या एका गोष्टीवर रिव्हेस्ट, शमीर व अ‍ॅडलमन यांनीं १९७७ सालीं गुप्तलेखनाची प्रसिद्ध पद्धति उभारली. आणि संख्यांचा छंद धरण्यास मोठ्या विद्यापीठांतच असावें लागतें, असेंही नाहीं. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेंत १९३० ते १९६२ पर्यंत शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या नांवानें ६१७४ ही संख्या आज जगभर ओळखली जाते.

मच्छीमार नगरापासून थोड्याच अंतरावर, कुलाब्यास, टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत गणिताचें संशोधन चालतें. टोपलीपासून तेथवरचें अंतर मुलांस दुस्तर वाटूं नये, हें शिक्षकांच्या व घरोघरच्या आईबापांच्या हातीं आहे. मूल निराळ्या वाटेनें निघालें, तर त्यास थांबविण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: "बाळ, आतां याचे आणखी वाटे होतात का, पाहा बरें."