जीपगाडीचीं पुढलीं चाकें

पुण्याहून भोरकडे जाणाऱ्या सडकेवर एक जीपगाडी चालली आहे. गाडी जुनी, परंतु नुकतीच रंगरोगण करून सजविलेली. चालविणाऱ्या गृहस्थाचा हात तीस वर्षांचा मुरलेला. शेजारीं पत्नी, मागें वृद्ध मातोश्री. वेग फार नव्हे, ताशीं साठ किलोमीटर. वाटेंत एक लहानसा खड्डा येतो, डावें चाक त्यांत आपटतें, आणि दुसऱ्याच क्षणीं पुढलीं दोन्ही चाकें पिसाळल्यासारखीं डावीकडून उजवीकडे फडफडूं लागतात. स्टेअरिंगचें चक्र हातांतून निसटूं पाहतें. दिवे, पत्रे, कांचा, सारें खडखडतें. गृहस्थ प्रसंगावधान राखतो. एकदम ब्रेक न दाबतां तो अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो व चक्र घट्ट धरून बसतो. गाडी मंदावते, आणि ती फडफड जशी आली तशी नाहींशी होते. खालीं उतरून पाहावें तर कांहीं मोडलेलें नाहीं, कांहीं सुटलेलें नाहीं. पुढें वरंधा घाट उतरून महाडला जावयाचें आहे. जावें कीं परतावें?

हा गृहस्थ कोणीहि असूं शकेल. अमेरिकेंतील जीपचे शौकीन या फडफडीला मृत्यूचेंच नांव देतात, यावरून ती किती जणांच्या वांट्यास आली असेल याची कल्पना यावी. आपला गृहस्थ परतला, हें त्यानें शहाणपणाचें केलें. परतल्यावर घरांत शोध लागला तो असा कीं पंधरवड्यापूर्वीं चिरंजीवांनीं गाडीचें तोंड उंच करून घेतलें होतें व तिला मोठे टायर चढविले होते. उंच गाडी दिसावयास रुबाबदार, आणि ओढ्यांतून, दगडधोंड्यांतून काढतांना तिचें पोट खालीं घासत नाहीं, हेंहि खरें. परंतु उंची वाढवितांना आणखी एक गोष्ट बदलली होती, आणि ती डोळ्यांना दिसण्यासारखी नव्हती.

मोटारीचीं पुढलीं चाकें सरळ उभीं व सरळ पुढें पाहणारीं असावींत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षांत तीं बुद्धिपुरस्सर किंचित् वांकडीं बसविलेलीं असतात. १९४१ ते १९४५ या युद्धकाळांत विलीस व फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. स्वातंत्र्यानंतर लौकरच महिंद्र कंपनीनें मुंबईंत ज्या जीप जोडावयास घेतल्या, त्याहि विलीसच्याच वळणाच्या. त्या बांधणीचीं चाकें पुढल्या बाजूस मागल्यापेक्षां ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारें सव्वा ते अडीच मिलिमीटर, एकमेकांजवळ असावीं लागतात. हा 'टो-इन'. चाकाचा माथा दीड अंश बाहेर झुकलेला असतो, तो 'कॅम्बर'. आणि ज्या उभ्या खुंटीभोंवतीं चाक वळतें त्या किंगपिनचा माथा तीन अंश मागें कललेला असतो, तो 'कॅस्टर'. हा शेवटचा कल सर्वांत दुर्लक्षित, आणि या कहाणींतला मुख्य पुरुष तोच.

टो-इनचें कारण समजण्यास सोपें आहे. मागल्या चाकांनीं ढकललेल्या गाडीचीं पुढलीं चाकें रस्त्याच्या विरोधानें किंचित् बाहेर फांकूं पाहतात. सांध्यांत थोडी सैलहि असतेच. म्हणून उभ्या गाडींत तीं जरा आंत वळवून ठेवावयाचीं, म्हणजे चालतांना तीं समांतर येतात. हें माप चुकलें तर टायर कानसीनें घासल्यासारखे झिजतात. कॅम्बरविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं, कारण सलग आंसाच्या जीपमध्यें तो आंसाच्या घडणींतच ठरलेला असतो. तो बदललेला आढळला तर बहुधा आंसच वांकला आहे असें समजावें, आणि त्यावर पान्यानें करण्यासारखा कोणताहि इलाज नाहीं.

कॅस्टरचें मर्म सायकलवर बसणाऱ्याला सांगावयास नको. सायकलचा पुढला चिमटा उभा सरळ नसतो. त्याचा माथा स्वाराकडे कललेला असतो. त्या कलाची रेषा खालीं वाढविली तर ती, चाक जेथें जमिनीला टेकतें त्याच्या थोडी पुढें जमिनीस भेटते. म्हणजे चाक त्या रेषेच्या मागें ओढलें जातें. आणि जें मागें ओढलें जातें तें आपोआप सरळ होतें. दवाखान्यांतील ढकलगाडीचीं लहान चाकें गाडी ढकलतांच कशीं वळून मागें जातात, तें ज्यानें पाहिलें असेल त्याला हें तत्त्व कळलेंच आहे. मोटारीचें चक्र वळणानंतर आपण होऊन सरळ येतें, सपाट सडकेवर गाडी पाण्यावरल्या होडीसारखी भरकटत नाहीं, तें मुख्यतः या तीन अंशांच्या जोरावर.

आतां चिरंजीवांनीं काय केलें तें पाहावें. जुन्या जीपचा पुढला पाटा मागल्या टोंकास सांगाड्याशीं खिळीनें जखडलेला असतो. पुढलें टोंक शॅकल नांवाच्या झुलत्या कडीला टांगलेलें असतें. गाडी उंच करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ही कडी लांब करणें. कडी दोन इंच लांब केली कीं पाट्याचें पुढलें टोंक सांगाड्यापासून दोन इंच खालीं जातें. पाट्याची लांबी सुमारें ३६ इंच. दोन इंचांचा उतार ३६ इंचांवर म्हणजे जवळजवळ तीन अंश. पाटा तितका पुढें झुकला, पाट्यावर बसलेला आंसहि तितकाच पुढें फिरला, आणि कारखान्यानें दिलेला तीन अंशांचा कल जवळजवळ सगळाच्या सगळा खर्ची पडला. आणि एवढ्या खर्चानें पदरांत काय पडलें? आंस पाट्याच्या मध्यावर असल्यामुळें गाडी उचलली गेली ती फक्त एक इंच. असा तोट्याचा सौदा करूनहि लोक तो आवडीनें करतात, याचें कारण इंच दिसतो आणि अंश दिसत नाहीं.

शिवाय घाट उतरतांना एक गोष्ट अधिक घडते. ब्रेक लागला कीं चाकाला थांबविणारा जोर आंसालाहि चाकाच्याच दिशेनें फिरवूं पाहतो. पाटे पिळवटतात व आंसाचा माथा पुढें जातो. म्हणजे उरलासुरला कलहि ऐन उतारावर, ऐन ब्रेकाच्या वेळीं कमी होतो. मूळच्या तीन अंशांतून थोडें गेलें तर गाडी तें सोसते. परंतु पदरीं अर्धा अंशच असला तर काय व्हावें? वरंध्याच्या वळणावर मातोश्रींना घेऊन उतरणाऱ्या गृहस्थाला या हिशोबाची जाणीव असणें अगत्याचें होतें.

मिस्तरी म्हातारा व अनुभवी होता. त्यानें गाडी एक फेरी फिरविली आणि म्हणाला, "साहेब, गाडी उंच झाली, पण तिचा चिमटा उभा झाला." चिरंजीवांचा आग्रह होता कीं स्टेअरिंगला एक नवा डॅम्पर, म्हणजे हिसके शोषणारी नळी, बसवून द्यावी, मित्रांनीं तसेंच सुचविलें होतें. मिस्तरीनें तें मानलें नाहीं. "दादा, दांत किडला तर तोंडांत लवंग धरून किती दिवस काढाल?" एवढेंच तो बोलला. त्याचें म्हणणें रास्त होतें. डॅम्पर चांगल्या गाडीला उपयोगी आहे. दुखणाऱ्या गाडीचें दुखणें तो झांकतो, आणि तो झिजला म्हणजे दुखणें दुणावून बाहेर येतें.

त्यानें पहिल्यानें कोणत्याहि कोनास हात लावला नाहीं. सैल सांध्यांच्या गाडीचे कोन मोजणें म्हणजे हलत्या पाळण्यांतल्या मुलाची उंची मोजण्यासारखें आहे. जॅकवर गाडी उचलून त्यानें एकेक चाक वर-खालीं धरून हलविलें. मग डावी-उजवीकडे धरून हलविलें. वर-खालीं खेळ असला तर चाकाचें किंवा किंगपिनचें बेअरिंग ढिलें. आडवा खेळ असला तर टायरॉडचे सांधे झिजलेले. जीपच्या किंगपिनच्या टोपीखालीं पातळ पत्र्याच्या चकत्या असतात; त्या कमी करून बेअरिंगवरील दाब वाढवितां येतो, आणि तो योग्य झाला कीं नाहीं हें स्प्रिंगच्या कांट्यानें ओढून पाहतात. हें बेअरिंग सैल असणें हें फडफडीचें फार मोठें कारण आहे. या गाडींत उजवीकडील किंगपिन सैल निघाली, आणि मोठ्या टायरपैकीं एकाचा तोलहि बरोबर नव्हता. म्हणजे दोष एक नव्हता. कल पुरेसा होता तोंवर हे लहान दोष दबून राहिले होते. कल जातांच सर्वांनीं एकदम डोकें वर काढलें.

मग कॅस्टर. कोन मोजण्यास पूर्वीं खास उपकरण लागे. आतां कोन दाखविणारें साधन खिशांतल्या मोबाइल फोनवरहि असतें. गाडी सपाट फरशीवर उभी, टायरांत हवा सारखी, नेहमींचें ओझें आंत, एवढें मात्र सांभाळावें लागतें. कल वाढविण्याची जुनी रीत म्हणजे आंस व पाटा यांमध्यें पोलादी पाचर घालणें. पाचरीचें जाड अंग कोणीकडे ठेवावें याविषयीं कारखान्यांतून पुष्कळ गोंधळ दिसतो. जुन्या जीपप्रमाणें पाटा आंसाच्या खालीं असेल तर जाड अंग पुढें. पाटा आंसाच्या वर चढविलेला असेल तर जाड अंग मागें. उलट बसली तर उरलेला कलहि जातो, आणि गाडी पहिल्यापेक्षां वाईट होते.

येथें मात्र लोभ आवरावा लागतो. पुढलीं चाकेंहि इंजिनच्या शक्तीनें फिरविणाऱ्या गाडींत त्याच आंसाच्या पोटांत डिफरन्शिअल असतें, आणि त्याचें तोंड मागें, फिरत्या दांड्याकडे असतें. आंसाचा माथा मागें कलविला कीं हें तोंड खालीं वळतें, आणि उंच गाडींत आधींच तिरपा झालेला दांड्याचा सांधा अधिक तिरपा होतो. पुढली ओढ जोडल्यावर तो गुरगुरतो, लौकर झिजतो. फार उंच केलेल्या गाडींत कल आणि सांधा दोन्हीं साधावयाचीं तर आंसाच्या टोंकांचे गोल कापून, फिरवून, पुन्हा जोडावे लागतात. तें काम खर्चाचें, आणि कुशल वेल्डरावांचून कोणीं हातीं घेऊं नये. कल अतोनात वाढविणेंहि बरें नव्हे. चक्र जड होतें, आणि अति कलानेंहि चाकें थरथरतात.

मिस्तरीनें शेवटीं मध्यम मार्ग काढला. लांब कड्या काढून मूळच्या कड्या बसविल्या. उंची हवीच होती म्हणून थोड्या अधिक कमानीचे पाटे घातले, ज्यांनीं दोन्हीं टोंकें सारखीं राहून आंस वळत नाहीं. आणि एक अंशाची पातळ पाचर दिली. चिरंजीव थोडे खट्टू झाले, कारण गाडी अर्धा इंच उतरली.

टो-इन त्यानें सर्वांत शेवटीं घेतला, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. इतर कोन बदलले कीं टो-इन बदलतो. टो-इन बदलल्यानें इतरांचें कांहीं बिघडत नाहीं. चाक उचलून फिरवीत टायरच्या मध्यावर खिळ्यानें एक बारीक रेघ काढली. गाडी खालीं ठेवून थोडी पुढें ढकलली, म्हणजे सांधे आपापल्या जागीं बसतात. आंसाच्या उंचीवर पुढल्या बाजूस रेघांमधलें अंतर मोजलें, त्या जागीं खडूची खूण केली, मग खुणा मागल्या बाजूस येईतों गाडी पुढें ढकलून पुन्हा मोजलें. एकाच जागेचें माप दोनदां घेतल्यामुळें टायर वेडावांकडा असला तरी चूक येत नाहीं. मग टायरॉडचे पट्टे सैल करून दांडी हळूहळू फिरविली. टायर मूळच्यापेक्षां मोठा असेल तर तोच कोन फुटपट्टीवर किंचित् अधिक दिसतो, हेंहि ध्यानांत ठेवावें लागतें.

२०२० सालीं आलेल्या थारसारख्या नव्या गाड्यांत पुढें सलग आंस नसून प्रत्येक चाक स्वतंत्र बाहूंवर झुलतें. तेथें गाडी उचलली कीं बाहू खालीं झुकतात आणि कॅम्बर व टो-इन दोन्हीं एकदम बदलतात. अशा गाडीला शहरांतील संगणकी अलाइनमेंटचें यंत्र गांठणेंच बरें. मात्र उंची आधीं पक्की करून, आणि काम झाल्यावर यंत्राचा छापील कागद मागून घेऊन. त्या कागदावर टो-इनचाच आंकडा सुधारलेला दिसला व कॅस्टरचा लाल राहिला, तर अर्धेंच काम झालें असें समजावें. पुष्कळ ठिकाणीं अर्धेंच होतें.

आठ दिवसांनीं गृहस्थ एकटाच त्या सडकेवर गेला. मातोश्रींना त्यानें मुद्दाम नेलें नाहीं. चाळीसच्या वेगानें तो त्या खड्ड्यावरून गेला, परत फिरून पन्नासनें गेला, मग साठनें. चाक आपटलें, चक्राला एक हिसका बसला, आणि गाडी सरळ चालूं लागली. घरीं आल्यावर मिस्तरीच्या सांगण्याप्रमाणें त्यानें टायरॉडच्या पट्ट्यांचे व पाट्यांचे बोल्ट पुन्हा एकदां आवळून पाहिले. पाट्याचा एक बोल्ट पाव फेरा फिरला. महाडला जाण्याचा दिवस त्यानंतर ठरला.